विश्लेषण : राष्ट्राध्यक्षांवर टीका, चार महिन्यांची कैद आणि कोठडीतूनच विजय, कोण होते अमेरिकी खासदार मॅथ्यू लायन?

डिसेंबर १७९८. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातल्या व्हर्जेन्स गावचा तुरुंग. साधारण सोळा फूट लांब, बारा फूट रुंद कोठडी. कोपऱ्यात शौचाची जागा आणि तिची दुर्गंधी. खिडकीला गज आहेत, काच नाही. शेकोटी नाही. आतला कैदी ४९ वर्षांचा आहे, आणि तो विद्यमान खासदार आहे. बाहेर त्याच्याच मतदारसंघात मतदान सुरू आहे. मतं मोजली गेली तेव्हा तो पुन्हा निवडून आला होता.

तुरुंगात असताना निवडणूक जिंकणारे उमेदवार आपल्याला नवे नाहीत. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस मुझफ्फरपूरमधून असेच जिंकले, २०२४ मध्ये अमृतपाल सिंग आणि इंजिनीअर रशीद. पण मॅथ्यू लायन यांची गोष्ट सव्वादोनशे वर्षं जुनी आहे, आणि त्यांचा गुन्हा काय होता हे वाचलं की ती जुनी वाटत नाही. त्यांनी राष्ट्राध्यक्षांवर टीका करणारं एक पत्र वर्तमानपत्राला पाठवलं होतं.

(एक खुलासा आधीच. या लेखात 'काँग्रेस' म्हणजे अमेरिकेची संसद. 'रिपब्लिकन' म्हणजे थॉमस जेफरसन यांच्याभोवती जमलेला तेव्हाचा पक्ष. ट्रम्प यांच्या आजच्या पक्षाशी त्याची गल्लत करू नका.)

बैलजोडीच्या बदल्यात विकला गेलेला मुलगा

लायन यांचा जन्म १४ जुलै १७४९ चा, आयर्लंडमधल्या विकलो परगण्यातला. डब्लिनमध्ये थोडं शिक्षण, मग छापखान्यात उमेदवारी. १७६५ मध्ये ते अमेरिकेत आले, पण जहाजाच्या भाड्याचे पैसे खिशात नव्हते. अशा प्रवाशांसाठी तेव्हा एक पद्धत होती. कप्तान त्यांना बंदरावर एखाद्या मालकाच्या हवाली करायचा, मालक भाडं भरायचा आणि प्रवाशाने ते काही वर्षं राबून फेडायचं. आपल्याकडच्या वेठबिगारीची आठवण व्हावी असाच हा करार. लायन कनेक्टिकटमध्ये शेतावर राबले. पुढे एका मालकाने त्यांना दुसऱ्याकडे सोपवलं ते बैलांच्या जोडीच्या बदल्यात, असं सांगितलं जातं. नंतरच्या आयुष्यात लायन म्हणे शपथ घ्यायचे तीसुद्धा 'मला सोडवणाऱ्या बैलांची'. विरोधकांनी हा किस्सा त्यांना हिणवण्यासाठी वापरला. ते मात्र तो स्वतःच सांगत फिरायचे.

करार संपल्यावर ते उत्तरेला, आज व्हर्माँट म्हणतात त्या डोंगराळ भागात गेले. स्वातंत्र्ययुद्धात 'ग्रीन माउंटन बॉइज' या स्थानिक पलटणीत दाखल झाले. युद्धानंतर १७८३ मध्ये फेअर हेवन नावाचं गावच वसवलं. तिथे लोखंडाचा कारखाना, कागदाची गिरणी, छापखाना, स्वतःचं वर्तमानपत्र. एका अर्थाने ते त्या भागातले पहिल्या पिढीतले उद्योजक. दुसरं लग्न झालं ते थेट व्हर्माँटचे गव्हर्नर थॉमस चिटेंडन यांच्या मुलीशी.

म्हणजे काँग्रेसमध्ये पोहोचेपर्यंत लायन गरीब राहिले नव्हते. पण घराण्याची प्रतिष्ठा, विद्यापीठाची पदवी, इंग्लिश वळणाचं बोलणं यातलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्या काळच्या काँग्रेसमध्ये याच गोष्टींना वजन होतं. काँग्रेसच्या निवडणुकीत ते आधी एकापेक्षा जास्त वेळा हरले. अखेर यश आलं आणि मार्च १७९७ मध्ये ते प्रतिनिधीगृहाचे सदस्य झाले.

तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया. राष्ट्राध्यक्षांचं भाषण झालं की सगळ्या प्रतिनिधींनी मिरवणुकीने त्यांच्या घरी जायचं आणि सभागृहाचं उत्तर आदराने सादर करायचं, अशी प्रथा होती. नवख्या लायन यांनी उभं राहून विनंती केली, मला यातून वगळा. राजेशाही सोडून आलेल्या देशात हा दरबारी थाट कशाला, असा त्यांचा सूर होता. सत्ताधारी फेडरलिस्ट सदस्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. जाताय कशाला, राहा इथेच, असाही भाव त्यात होता.

सभागृहात नेमकं काय घडलं?

३० जानेवारी १७९८. प्रतिनिधीगृहात एका महाभियोगाच्या कामासाठी मतदान झालं होतं आणि मोजणी सुरू होती. सदस्य इकडेतिकडे गप्पा मारत उभे होते. लायन सभापती जोनाथन डेटन यांच्याशी बोलताना, शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की कनेक्टिकटचे प्रतिनिधी आपल्या मतदारांचं मत धाब्यावर बसवतात. मी तिकडे जाऊन सहा महिने वर्तमानपत्र चालवलं तर लोकांचे डोळे उघडतील.

कनेक्टिकटचे प्रतिनिधी रॉजर ग्रिसवोल्ड जवळच होते. त्यांनी विचारलं, लढायला आलात तर ती लाकडी तलवार घेऊन येणार का?

या टोमण्याला इतिहास होता. १७७६ मध्ये लायन यांच्या तुकडीतल्या सैनिकांनी सीमेवरची चौकी सोडली होती आणि त्या प्रकरणात त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आलं होतं. आपण सैनिकांना थांबवायचा प्रयत्न केला, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. पुढे त्यांना सैन्यात परत घेऊन पगारवाटपाची जबाबदारीही दिली गेली. पण लाकडी तलवार ही भित्र्या अधिकाऱ्याची खूण मानली जायची, आणि लायन यांना ती लावून फिरवलं होतं अशी कंडी विरोधकांनी पिकवली होती.

लायन यांनी पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. ग्रिसवोल्ड पुढे आले, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. लायन वळले आणि त्यांच्या तोंडावर थुंकले.

पुढचे दोन आठवडे देशापुढचे बाकी प्रश्न बाजूला राहिले. समिती बसली, साक्षी झाल्या. हकालपट्टीच्या बाजूने ५२ मतं पडली, विरोधात ४४. बहुमत होतं, पण सदस्याला काढायला राज्यघटनेनुसार दोन तृतीयांश मतं लागतात. लायन वाचले.

१५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्ड यांनी स्वतःच हिशेब चुकता करायचं ठरवलं. कामकाज सुरू होण्याआधी ते हिकरीच्या लाकडाची जाड काठी घेऊन आले आणि जागेवर बसलेल्या लायन यांना झोडपायला लागले. लायन धडपडत शेकोटीपर्यंत पोहोचले आणि तिथला लोखंडी चिमटा उचलला. दोघंही जमिनीवर पडले, इतरांनी पाय ओढून त्यांना वेगळं केलं. या प्रसंगाचं व्यंगचित्र त्याच वर्षी छापून आलं आणि आजही ते अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास दिसतं. आज ते मीम म्हणून किती फिरलं असतं, याची कल्पना करता येते. दोघांनाही काढून टाकण्याचा ठराव सभागृहाने फेटाळला. फेडरलिस्ट वर्तमानपत्रांनी लायन यांचं नाव 'थुंकणारा सिंह' ठेवलं.

आता, थुंकणं समर्थनीय नाही. पण त्या वेळच्या चर्चेत एक गोष्ट खटकते. सभागृहाला जास्त राग आला तो एका माजी वेठबिगाराने 'सभ्य गृहस्था'चा अपमान केला याचा. त्याच गृहस्थाने सभागृहात काठीने मारहाण केली, त्याने तेवढं वादळ उठलं नाही.

राजा नसलेल्या देशात राजद्रोहाचा कायदा कसा आला?

१७९८ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, पण समुद्रावर चकमकी सुरू होत्या. फ्रेंचांनी वाटाघाटीसाठी अमेरिकी दूतांकडे लाच मागितल्याची बातमी फुटली आणि देशात संतापाची लाट आली. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स एकदम लोकप्रिय झाले. सरकारवर टीका करणारा प्रत्येक जण फ्रान्सचा हस्तक, असं वातावरण तयार झालं.

या वातावरणात 'सेडिशन अ‍ॅक्ट', म्हणजे राजद्रोहाचा कायदा, मांडला गेला. प्रतिनिधीगृहात तो ४४ विरुद्ध ४१ अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाला. १४ जुलै १७९८ ला अ‍ॅडम्स यांनी सही केली. योगायोग म्हणजे तो लायन यांचा एकोणपन्नासावा वाढदिवस होता.

कायद्याचा मजकूर काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. सरकार, काँग्रेसची दोन्ही सभागृहं किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक आणि द्वेषमूलक लिखाण केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते. का? कारण तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते विरोधी पक्षाचे नेते थॉमस जेफरसन. त्यांच्यावर हवी तेवढी चिखलफेक करायला कायद्याची आडकाठी नव्हती. कायद्याची मुदतही विचारपूर्वक ठरवलेली होती, ३ मार्च १८०१. म्हणजे अ‍ॅडम्स यांच्या कार्यकाळाचा शेवटचा दिवस. पुढची निवडणूक हरलोच तर हेच हत्यार आपल्यावर उलटू नये, याची ही सोय.

कागदावर मात्र हा कायदा इंग्लंडच्या जुन्या कायद्यापेक्षा उदार होता. लिहिलेलं खरं आहे हे सिद्ध केलं तर आरोपी सुटू शकत होता, आणि निर्णय ज्युरीचा होता. 'राजद्रोह' म्हटलं की आपल्याला लोकमान्य टिळकांचे खटले आठवतात. भारतीय दंड संहितेच्या कलम १२४ अ मध्ये अशी सोय नव्हती. अमेरिकी कायद्याचे समर्थक याच तरतुदींकडे बोट दाखवत. पण मत 'खरं' आहे हे सिद्ध करायचं कसं? राष्ट्राध्यक्षांना सत्तेची हाव आहे, हे वाक्य कोणत्या पुराव्याने खरं ठरणार? लायन यांचा खटला इथेच अडकला.

खटला कशावरून चालला?

निवडणुकीचं वर्ष होतं. एका वर्तमानपत्राने लायन यांच्यावर टीका केली होती, तिला उत्तर म्हणून त्यांनी २० जूनला फिलाडेल्फियाहून पत्र लिहिलं. आशय असा की सरकार लोकहितासाठी काम करेल तिथे मी पाठिंबा देईन. पण राष्ट्राध्यक्ष सत्तेसाठी हपापलेले, भपक्याचे आणि खुशामतीचे भुकेले दिसले तर मी त्यांचा होयबा होणार नाही. तारीख लक्षात घ्या. पत्र लिहिलं तेव्हा कायदा अस्तित्वातच नव्हता. पण ते छापून आलं ३१ जुलैला, आणि तेव्हा कायदा लागू होऊन दोन आठवडे उलटले होते.

दुसरा आरोप कवी आणि मुत्सद्दी जोएल बार्लो यांच्या पत्राबद्दल होता. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणावर काँग्रेसने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा हुकूम कसा काढला नाही, असं बार्लो यांनी पॅरिसहून लिहिलं होतं. लायन हे पत्र प्रचारसभांत वाचून दाखवत. आपली बाजू छापणारं वर्तमानपत्र मिळेना, तेव्हा १ ऑक्टोबरला त्यांनी स्वतःचं नियतकालिकच काढलं. नाव होतं 'द स्कर्ज ऑफ अ‍ॅरिस्टोक्रसी', म्हणजे उमरावशाहीवरचा आसूड.

त्याच आठवड्यात रटलंडमध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. न्यायासनावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम पॅटरसन होते. हे गृहस्थ साधे नव्हेत, राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक. लायन यांनी स्वतःच बाजू मांडली. त्यांचे मुद्दे तीन : कायदा घटनाबाह्य आहे, माझा हेतू द्वेषाचा नव्हता, आणि लिहिलेलं खरं आहे. पहिला मुद्दा ज्युरीने विचारातच घ्यायचा नाही, असं पॅटरसन यांनी सांगितलं. राहिला खरेपणा. तो सिद्ध करायला लायन यांनी जे केलं, त्याला माझ्या मते अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासात तोड नाही. त्यांनी न्यायमूर्तींनाच साक्षीदार केलं. आपण राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला गेला आहात ना, तिथला भपका पाहिला आहे ना, असं विचारलं. पॅटरसन उत्तरले की आपण क्वचित गेलो आहोत आणि तिथे साधेपणाच पाहिला आहे.

ज्युरीने दोषी ठरवलं. ९ ऑक्टोबरला शिक्षा झाली : चार महिने कैद, १,००० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च ६० डॉलर ९६ सेंट. नव्या कायद्याखाली शिक्षा झालेला पहिला माणूस विरोधी पक्षाचा खासदार होता. पुढे किमान नऊ जणांना शिक्षा झाल्या, त्यात बहुतेक संपादक आणि छापखानेवाले.

कोठडीतला उमेदवार

रटलंडमध्येही तुरुंग होता आणि लायन यांचं गाव तिथून जवळ होतं. पण मार्शल जेबेझ फिच यांनी त्यांना सुमारे ४० मैलांवरच्या व्हर्जेन्सला नेलं. चोर-दरोडेखोरांसाठी वापरली जाणारी कोठडी दिली. सुरुवातीला कागद-लेखणीवरही निर्बंध होते. संतापलेले समर्थक तुरुंग फोडायच्या तयारीत जमले, पण लायन यांनी खिडकीतून त्यांना परत पाठवलं. तुमचं उत्तर मतपेटीतून द्या, असा त्यांचा निरोप होता. राजकारणी म्हणून त्यांचं हे सर्वांत शहाणपणाचं पाऊल. तुरुंग फुटला असता तर फेडरलिस्टांना हवा असलेला 'बंडखोर' त्यांना आयता मिळाला असता.

सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत लायन आघाडीवर होते, पण कुणालाच पन्नास टक्क्यांहून जास्त मतं नव्हती आणि व्हर्माँटमध्ये ती आवश्यक होती. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं. दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये खटला, शिक्षा आणि कोठडीतून बाहेर पडणारी पत्रं. डिसेंबरमध्ये त्यांनी स्पष्ट बहुमताने निवडणूक जिंकली. ज्या माणसाला गप्प करायचं होतं त्याचा प्रचार सरकारी खर्चाने झाला.

दरम्यान, मतदारसंघातल्या लोकांनी सह्यांचा अर्ज घेऊन एका धर्मोपदेशकाला अ‍ॅडम्स यांच्याकडे पाठवलं. अ‍ॅडम्स यांचं म्हणणं होतं, आधी पश्चात्ताप, मग माफी. लायन यांची सही अर्जावर नव्हती आणि ते ती करणारही नव्हते.

दंडाची रक्कम जमवायला लॉटरी काढायचं ठरलं. तिची जाहिरात छापणारे संपादक अँथनी हॅसवेल यांच्यावरही खटला भरला गेला. त्यांना दोन महिने कैद आणि २०० डॉलर दंड झाला. जाहिरातीत लायन यांच्या छळाचं वर्णन होतं, तोच राजद्रोह.

९ फेब्रुवारी १७९९ ला सुटकेचा दिवस आला. समर्थकांनी दंडाची रक्कम जमवून आणली होती. पण नव्या आरोपाखाली दारातच पुन्हा अटक होण्याची भीती होती. बाहेर पाऊल टाकताच लायन यांनी मोठ्याने जाहीर केलं, 'मी फिलाडेल्फियाला निघालो आहे.' हे नुसतं घोषणावजा वाक्य नव्हतं, कायदेशीर खेळी होती. अधिवेशनाला जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या सदस्याला देशद्रोह, गंभीर गुन्हा किंवा शांतताभंग वगळता अटक करता येत नाही, असं अमेरिकी राज्यघटनेत लिहिलेलं आहे. त्या एका वाक्याने ते 'प्रवासातले सदस्य' झाले. वाटेत गावोगावी लोक स्वागताला उभे होते.

फिलाडेल्फियात डेलावेअरचे जेम्स बेयार्ड यांनी त्यांच्या हकालपट्टीचा ठराव मांडला. ४९ विरुद्ध ४५. पुन्हा बहुमत, पुन्हा दोन तृतीयांशाला कमी. बेयार्ड हे नाव लक्षात ठेवा.

जेफरसन खरंच लायन यांच्या मताने जिंकले?

इंटरनेटवर लायन यांच्याबद्दल एक वाक्य हमखास सापडतं : 'यांच्या एका मतामुळे जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले.' ते तपासून पाहू.

१८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स हरले. पण जेफरसन आणि त्यांचेच सहकारी अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली. तेव्हाच्या नियमात राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी वेगळं मतदान नव्हतं. ज्याला सर्वाधिक मतं तो पहिला, नंतरचा दुसरा. एकाच पक्षाचे दोघे बरोबरीत आले तर? इंजिनीअरिंगच्या भाषेत ही 'एज केस', घटनाकारांनी तिचा पुरेसा विचार केलेला नव्हता. अशा वेळी निर्णय प्रतिनिधीगृहाकडे जायचा आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होतं. १६ राज्यं, जिंकायला ९ हवीत.

व्हर्माँटचे प्रतिनिधी दोनच. लायन जेफरसनच्या बाजूने, लुईस मॉरिस बरच्या. परिणाम, राज्याचं मत बाद. मेरीलँडचंही तसंच. ११ फेब्रुवारी १८०१ पासून एकामागून एक फेऱ्या झाल्या आणि आकडा हलेना : जेफरसन ८, बर ६, दोन राज्यं दुभंगलेली. अशा ३५ फेऱ्या. अखेर डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, म्हणजे आपले बेयार्ड, नमले. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत मॉरिस सभागृहात आलेच नाहीत, व्हर्माँटचं मत लायन यांच्या एकट्याच्या हातात आलं आणि जेफरसनना गेलं. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, तिथलं मतही जेफरसनना मिळालं. डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना कोरे राहिले. निकाल : जेफरसन १०, बर ४.

म्हणजे गणित सांगतं की त्या फेरीत व्हर्माँट वगळलं असतं तरी जेफरसन यांची ९ राज्यं झालीच असती. 'एका मताने राष्ट्राध्यक्ष' हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपला शोभेल असं आहे. खरा मुद्दा आधीच्या ३५ फेऱ्यांचा आहे. डिसेंबर १७९८ मध्ये कोठडीतला उमेदवार हरला असता आणि त्या जागी फेडरलिस्ट बसला असता, तर व्हर्माँट पहिल्या फेरीपासून बरच्या खात्यात गेलं असतं. ८-६ ऐवजी ८-७. तेव्हा बेयार्ड नमले असते का, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही.

४ मार्चला जेफरसन सत्तेवर आले. कायद्याची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. लायन यांनी अ‍ॅडम्स यांना एक खरमरीत उघडं पत्र लिहून निरोप दिला.

नंतर काय झालं?

इथे बहुतेक लेख थांबतात. पण लायन आणखी एकवीस वर्षं जगले, आणि तो काळ हुतात्म्याच्या प्रतिमेत बसत नाही. १८०१ मध्ये ते कुटुंब घेऊन केंटकीत, कंबरलँड नदीकाठच्या एडीव्हिलला गेले. तिथे नावा बांधण्याचा धंदा काढला, आणि १८०३ ते १८११ अशी आठ वर्षं केंटकीचे प्रतिनिधी म्हणून पुन्हा काँग्रेसमध्ये होते. सरकारी टपालाची कंत्राटं त्यांच्याकडे होती, यावरून व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ यांनी सभागृहात त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली. लायन यांनी तितक्याच जहाल भाषेत उत्तर दिलं. पण खासदारानेच सरकारी कंत्राटं घ्यावीत का, हा प्रश्न रास्त होता.

आपल्या पक्षाशीही त्यांचं जमलं नाही. जेफरसन यांनी १८०७ मध्ये परदेशी व्यापार बंद करणारा कायदा आणला, त्याला लायन यांनी विरोध केला. पुढे ब्रिटनशी युद्धाची भाषा सुरू झाली, तीही त्यांना पटेना. केंटकीचा मतदार तेव्हा युद्धाच्या बाजूने होता. १८१० मध्ये ते हरले. सरकारसाठी गनबोटी बांधण्याच्या व्यवहारात त्यांचं दिवाळं निघालं. अखेर १८२० मध्ये अर्कान्सा प्रदेशातल्या चेरोकी लोकांशी होणाऱ्या सरकारी व्यापाराच्या केंद्रावर त्यांची नेमणूक झाली. वयाच्या सत्तरीत तिथूनही ते काँग्रेसच्या निवडणुकीला उभे राहिले, हरले आणि निकालाला आव्हान दिलं. १ ऑगस्ट १८२२ ला स्पाड्रा ब्लफ इथे त्यांचं निधन झालं. १८३३ मध्ये त्यांचे अवशेष एडीव्हिलला नेऊन पुरले गेले. तोपर्यंत त्यांचा मुलगा चिटेंडन लायन केंटकीतून काँग्रेसमध्ये पोहोचला होता.

त्या १,००० डॉलरचं काय?

जेफरसन यांनी राजद्रोहाच्या कायद्याखालच्या दोषींना माफी दिली. लायन यांना तिचा उपयोग नव्हता. कैद भोगून झाली होती आणि दंड तिजोरीत जमा झाला होता. अमेरिकेत तिजोरीतून एक डॉलर काढायचा तरी काँग्रेसचा कायदा लागतो. म्हणून लायन स्वतः सदस्य राहिलेल्या सभागृहाकडे अर्ज करत राहिले. अडचण तत्त्वाची होती. दंड परत करायचा म्हणजे न्यायालयाचा निकाल संसदेने चुकीचा ठरवायचा का? आणि सर्वोच्च न्यायालयाने तर या कायद्याची वैधता कधी तपासलीच नव्हती. त्या न्यायालयाने याबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिलं ते थेट १९६४ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन' या गाजलेल्या खटल्यात. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीवरची टीका केवळ चुकीची आहे म्हणून शिक्षेला पात्र ठरत नाही, हे ठरवताना न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १७९८ चा कायदा इतिहासाच्या न्यायालयात हरल्याचं नमूद केलं. पुराव्यादाखल त्यांनी जे दाखले दिले, त्यात लायन कुटुंबाला मिळालेला परतावाही होता.

तो परतावा मंजूर झाला ४ जुलै १८४० ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. लायन यांना जाऊन अठरा वर्षं होत आली होती. कायद्यात रक्कम लिहिली आहे १,०६० डॉलर आणि ९६ सेंट, म्हणजे दंड अधिक खटल्याचा खर्च. त्यावर व्याज, ९ फेब्रुवारी १७९९ पासून.